सात मिलिमीटर

तीन, दोन, तीन.
डॉक्टर झारुही आकडे सांगतात, मी लिहून घेते.
बाहेर ग्युम्री, उणे अठरा,
खिडकीला आतूनही बर्फ धरलेला,
आणि खुर्चीत हमायाक, दुदुक वाजवणारे,
तोंड उघडं, टाचा जुळवलेल्या,
जणू कुणी फोटो काढतंय.

दुखत नाही हो, आल्या आल्या म्हणाले होते.
नुसतं रक्त येतं. ब्रशवर. नासपतीच्या फोडीवर.
एकदा वाजवताना बोरूच्या पातीवर आलं,
तेव्हा मात्र निघालो.

चार. पाच. पाच.
सळई बारीक, टोकाशी काळ्या खुणा.
दात आणि हिरडी यांच्या फटीत उतरते
आणि सांगते, किती खोल.
तीनपर्यंत ठीक. पुढे त्याला खिसा म्हणतात.
ज्यात कुणी हात घालत नाही असा खिसा,
वर्षांचं कीटण आणि हवा न सोसणारे जीव
सुखानं नांदतात तिथं.
खुर्चीच्या हातावर हमायाकांचं बोट
आकड्यांचा ताल धरत होतं.

सात.
बोट थांबलं. माझं पेनही.

मग एक्स-रे, उजेडावर धरलेला.
एकाही दाताला कीड नाही.
फक्त हाड खाली गेलेलं,
पाणी ओसरल्यावर धक्क्याचे खांब उघडे पडतात तसं.
ते बघत राहिले.
"अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात आमच्या गल्लीत
अशी घरं होती," म्हणाले.
"भिंती उभ्या, पडदेसुद्धा लावलेले.
आत जाऊ नका, म्हणायचे लोक."

मी कापूस मोजत बसले.

"सिगारेट?"
"वीस."
"रोज?"
"लग्नात वाजवायचं असलं तर तीस."
धुरानं हिरडी गप्प बसते, झारुही म्हणाल्या,
रक्तसुद्धा गिळून टाकते.
तुमची अजून बोलतेय, नशीब समजा.
गेलेलं हाड मी आणून देणार नाही.
उरलेलं राखू.

अर्धा जबडा बधिर करून तासभर खरवडलं.
कीटण ताटलीत पडत होतं,
कढईतल्या करपल्या खरडीसारखं.
जाताना त्यांनी कोटातून दुदुक काढलं,
फुंकलं. ओठाच्या कडेनं नुसती हवा.
स्वतःच हसले, लाळ पुसत.

एप्रिलमध्ये आले. खिशात दोऱ्याची डबी,
जवळजवळ संपलेली.
तीन. तीन. चार.
आणि त्या दाताशी?
"पाच."
"पाचात वाजवता येतं," हमायाक म्हणाले,
तोंडात सळई असतानाच,
त्यामुळे मला दोनदा विचारावं लागलं.