नव्वदावी ओळ

डंडीत, टे नदीकडे पाठ करून बसलेल्या खोलीत
मी आईसमोर लॅपटॉप ठेवला.
म्हटलं, यात तुमचं जुनं मशीन आहे.
तिनं तो उचलून खालून पाहिला.
"यात? स्क्रू तर वेगळेच आहेत."

एम्युलेटर कसा सांगायचा तिला?
सोंग आहे, म्हटलं.
हे नवं यंत्र त्या जुन्याचं सोंग घेतं,
इतकं मन लावून, की आतल्या प्रोग्रामला
कळतही नाही, मधे चाळीस वर्षं गेली.
लॅपटॉपला त्यासाठी पाऊल आखडावं लागतं,
म्हाताऱ्या माणसाबरोबर दुकानात जाताना
आपण चालतो तसं.
(हे शेवटचं मी तिला सांगितलं नाही.)

एक खेळ लावून दाखवला.
बुटका माणूस झुडपाजवळून गेला की हिरवा पडतो,
पुढे सरकला की पुन्हा पांढरा.
यंत्राचा तो दोषही कुणीतरी जसाच्या तसा उतरवलाय,
हौसेनं, पगार न घेता.
"पगार न घेता," आई म्हणाली,
आणि तोंड वाकडं केलं.

घड्याळांच्या कारखान्यात चार हिवाळे तिनं ही मशीनं जोडली,
मग दुसरं काहीबाही.
डावीकडे इशबेल, उजवीकडे रोना,
समोरून सरकणारा पट्टा.
रबरी बटणांची चादर बसवायची, पुढे ढकलायची.
एकही कधी चालू करून पाहिलं नाही.
घरी होतं ते कोपरा चेपलेलं, स्वस्तात मिळालेलं,
ते बाबांचं.
गोदीतून काढलेले बाबा
बटाटे सोलायचे, आमची अंडरवेअर वाळत घालायचे,
आणि दुपारभर मॅन्युअल वाचायचे, ओठ हलवत.

बुटांच्या खोक्यात त्यांची एक कॅसेट निघाली.
लेबलावर: घरखर्च. हात लावू नये.

एका झटक्यात लोड करता येतं, मी म्हटलं.
"नको. वेळ लागतो तेवढा लागू दे."
मग ती किंचाळी,
कडेनं धावणारे निळे-पिवळे पट्टे,
आणि आई एकदम खुर्चीत सरळ.
"अगं बाई, हे!
पट्ट्याच्या टोकाला फर्गस तपासायला बसायचा,
दिवसभर हेच.
मला वाटायचं, मशीनची दाढ दुखतेय."

आवाज थांबला. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ:
नेटीचा पगार?
आणि एक अक्षर लुकलुकत राहिलं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
"असंच विचारायचा," ती म्हणाली,
"तोंडानं कधी नाही."

मी अंदाजानं एक आकडा टाकला.
तिनं माझ्या हातावर चापट मारली.
"बाकी सगळी सोंगं आण. पैशाचं नको."
मग स्वतःच पुढे वाकली.
फाटकाला कुलूप लागलं, त्या आठवड्याचा हिशोब.
नख चिरलेल्या बोटानं शून्य दाबलं.
भाडं टाकलं. कोळसा. दूध.
माझे बूट, जे मला आठवतही नाहीत.

बाबांचा प्रोग्राम प्रत्येक खर्चाला पगारानं भागायचा,
पगारातला किती वाटा कशात गेला, ते सांगायला.
तो थांबला.
पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत:
संख्या फार मोठी, ९०:१.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"तेव्हाही हेच आलं होतं," आई म्हणाली.
"रात्रभर नव्वदावी ओळ खोडत बसला.
त्याला वाटलं, चूक त्याची आहे."

ओळ उघडायला माझा हात पुढे गेला.
दुरुस्ती दोन मिनिटांची होती.
"राहू दे," ती म्हणाली.
"बरोबर आहे ती."