खोली रिकामी आहे

किंमत सहा हजार चारशे नव्व्याण्णव.
मी पतसंस्थेत पासबुकं भरते,
माझ्याकडे आधी कागद, मग इच्छा.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
एप्रिल, मे, अर्धा जून असे अडीच रकाने आखले,
युनिटचा दर पायरीपायरीने चढवला
आणि उत्तर आलं: तीन उन्हाळ्यांत वसूल.
चौथ्यापासून फायदा,
यंत्र तोवर टिकलं तर.
बाबा टिकले तर, हे लिहिलं नाही.

प्रफुल म्हणाला, कूलर काय वाईट होता?
वाईट नव्हता.
पण वरचा मजला, टाकी दहालाच कोरडी,
मानेवाड्यात नळ एक दिवसाआड
आणि ओल्या वाळ्याने बाबांना रात्रभर खोकला.
म्हणून एसी आला हप्त्यांवर,
एसीमागून बिल आलं,
बिलामागून हे,
साबणाच्या वडीएवढं, पांढरं,
भिंतीवर बसून डोळा लावणारं.

बसवायला आलेला हेडाऊंचा पोरगा
बाबांच्या पलंगापाशी उभा राहून समजावत होता:
ताई, हे शिकते बरं.
तुमी कधी उठता, कधी झोपता, सारं ध्यानात ठेवते.
खोलीत हालचाल नसली की आपल्या मनानं बंद.
दहा दिवस वापरा. नाही पटलं, वापस.
बाबा छताकडे बघत होते.
ते ऐकत असतील असं आमच्या मनातही आलं नाही.
साच्यांनी कान नेले त्यांचे, असंच आम्ही धरून चाललो होतो.

चार दिवस मी खूश.
बर्डीच्या काउंटरवर बसल्या बसल्या
घरातल्या हवेचा आकडा:
बाहेर पंचेचाळीस पूर्णांक आठ, आत सत्तावीस.
शेजारच्या खिडकीतल्या निमजेबाईंना दाखवला.
त्या म्हणाल्या, हे नवऱ्याला बसवून मिळते का?

पाचव्या दिवशी, नवतपा लागून दुसरा,
एक चाळीसला फोन थरथरला.
खोली रिकामी आहे. एसी बंद केला.
खाली हिरव्या अक्षरांत: शाब्बास, तुम्ही वीज वाचवली.

हातातल्या नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.
एसी फोनवरून चालू केला.
त्याने विचारलं, आपण घरी नाही आहात. खात्री आहे?
वीस मिनिटांनी परत,
खोली रिकामी आहे.

ऑटोवाल्याने दीडशे मागितले, दिले.
रस्ता तव्यासारखा, सिग्नलवर हिरवी जाळी ताणलेली,
तिच्याखाली सगळे गप्प.

खोलीत बाबा होते.
दोन वर्षं असतात तसे, उताणे, उजवं अंग लाकूड,
बनियन भिजून पाठीला चिकटलेलं.
छाती वरखाली होत होती.
एवढ्याशा हलण्याला ते यंत्र हालचाल म्हणत नाही.

मी पाणी पाजलं. त्यांनी डोळे उघडले,
आणि पहिली गोष्ट काय केली,
तर डावा हात उचलला, भिंतीकडे,
वर्गातल्या पोरासारखा.
काऊन हात वर करून रायले, बाबा?
अर्ध्या तोंडाने म्हणाले,
त्याले सांगून रायलो ना, मी आहो म्हणून.
थोडं थांबून,
आज डोळा लागला.

चार दिवस.
मी हिरवा आलेख बघत होते
आणि हा माणूस घटकेघटकेला हात वर करत होता.
पस्तीस वर्षं मिलमध्ये उभे राहिलेले,
जॉबर फेरीवर आला की साच्यामागून दिसावं लागे,
नाहीतर अर्धा रोज कापला.

सातव्या दिवशी यंत्र वापस केलं.
पोरगा म्हणाला, हालचालीचा पर्याय बंद करता येते ना ताई,
फक्त मग बचत तेवढी होत नाही.
मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.
मेचं बिल तीन हजार दोनशे दहा आलं.
कॅलेंडरच्या पाठीवरचा हिशेब पुन्हा तपासला,
बेरीज कुठेच चुकलेली नाही.

भिंतीवर आता दोन स्क्रूची भोकं आहेत.
रविवारी दुपारी मी दाराशी गहू निवडत बसते.
बाबांचा हात अजून वर जातो,
त्या भोकांकडे.
मी ताटातून मान वर करते,
म्हणते, हो, आहात.