कलम एकोणीस

फोंड्याच्या कोर्टात इन्व्हेंटरी उघडली
तेव्हा बाबा बावीस कलमांचे निघाले.
कलम एक : घर, मौजे सावईवेरे, चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं.
कलम सहा : पोफळी दोनशे अठरा, पैकी वांझ अकरा.
ही मोजणी मंगलदासची. थोरला, म्हणून तोच काबेसा.
शपथेवर सांगत होता,
आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

कायदा पोर्तुगिजांच्या वेळचा,
मुलगा-मुलगी ओळखत नाही.
वहिनी ओळखते. म्हणाली,
"ताई काय, हिश्श्यावर पाणी सोडतील."
मग कळलं, माझ्या नवऱ्याचीही सही लागते;
त्या दिवसापासून त्याच्या चहात दूध वाढलं.

मी पाणी सोडलं नाही.
बोली लागली, आपल्याआपल्यांतच.
घर आणि वरचं कुळागर मंगलदासला,
खालचं उल्हासला, मस्कतहून आलेल्या मुखत्यारपत्रावर.
माझे पैसे बँकेत येणार होते.

कलम एकोणीस : झरीच्या पाण्याची पाळी,
मंगळवार आणि शुक्रवार,
दिवस बुडाल्यापासून पहिल्या कोंबड्यापर्यंत.
किंमत नाममात्र.

कोणी मान वर केली नाही.
मला मात्र दिसला पाटाच्या कडेने जाणारा टॉर्च,
बाबांचं फावडं, एक बांध फोडणारं, एक लिंपणारं,
ओल्या मातीचा तो धप्प आवाज,
आणि पुढे अंधारात थांबून त्यांचं विचारणं,
"आता कुणाला पाजूया गो?"
मी नऊ वर्षांची. बोट दाखवीन
तिकडे पाणी वळायचं.

मी हात वर केला.
कारकून चष्म्यावरून बघत राहिला :
बाई, जमीन नाही तर पाणी घेऊन करणार काय?

आता मंगळवारी ऊन कललं
की डिचोलीला माझा फोन वाजतो.
मंगलदास आधी सुपारीचा भाव सांगतो,
मग धाकटीची परीक्षा, मग गुडघा,
मग घसा खाकरून, "पाणी सोडू?"
शुक्रवारी उल्हास. त्याला घाई असते,
तिथे मिनिटाला पैसे पडतात म्हणे.

मी सोड म्हणते.
लगेच नाही म्हणत.

परवा विचारलं, त्या अकरा वांझ पोफळींना
पोचतं का रे पाणी?
म्हणाला, त्या तोडायच्यात, मंगळवारी माणूस येतोय.
मी म्हटलं, मंगळवारी नको.
मंगळवार माझा आहे.