झाकली मूठ

पदरमोड म्हणावी, तर पदर कुणालाच नव्हता.
पार्क्यांचे खोल खिसे होते, चेनवाले,
आणि आत चुरगळलेल्या रुमालाशेजारी
शंभर डॉलरचा चेक.
नोव्हेंबरातला मंगळवार, कर्लिंग क्लबचा हॉल.
बुटांना चिकटून आलेलं रस्त्यावरचं मीठ
फरशीवर विरघळत होतं.
खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर,
दिसत नव्हतं, नुसतं आपटत होतं.

त्र्याऐंशी चेक, चौऱ्याऐंशी बायका.
व्हिएनो आणि एल्मा, बहिणी,
दोघींत मिळून एक चेक देतात, पन्नास-पन्नास,
आणि दोघींत मिळून एकच मत.
ते कुणाला द्यायचं यावर
गाडीपासून भांडत येतात.

शिकारीच्या नारिंगी टोपीतून तीन चिठ्ठ्या निघाल्या.
तिघींना पाच-पाच मिनिटं.
वेळ मोजायला, अंडी उकडताना लावतात ती
पत्र्याची कोंबडी.

मार्लिस ट्वाइट व्हॅनबद्दल बोलली.
आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन एकशेदहा मैल,
डायलिसिसला. ब्रेक संपत आलेत.
मागे नऊ माणसं, परतताना सगळी झोपलेली.
"मी आरशात बघते," ती म्हणाली,
"छात्या हलतायत ना."

डोलोरेस गान्योंनं एका घरासाठी
नवी हीटिंगची भट्टी मागितली.
घर कुठे आहे ते तिला सांगता येत नव्हतं.
तिथं लपलेल्या बायकांचे नवरे
याच गावात कॉफी पितात.
पत्ता कुणी विचारला नाही.
मागे कुणाची तरी खुर्ची मात्र करकरली.

मग लेम्पी हार्यू.
रोज सकाळी आठला त्या सहाजणी
एकट्या राहणाऱ्या एकतीस म्हाताऱ्यांना फोन करतात.
"उठलात ना?"
एवढंच विचारतात.
उत्तर नाही आलं तर कुणीतरी जाऊन दार वाजवतं.
खोलीचं भाडं थकलंय, फोन जुने झालेत.
"झालं," म्हणाली, आणि बसली.
दोन मिनिटंही झाली नव्हती.
कोंबडी टिकटिकत राहिली.
तिला मध्येच थांबवायचं कसं
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
उरलेली तीन मिनिटं आम्ही सगळ्या
तेच ऐकत बसलो.

मतं मी मोजते. स्वयंपाकघरात,
कॉफीच्या हंड्याशेजारी, दार लोटून.
व्हॅन चव्वेचाळीस. भट्टी अडतीस.
लेम्पीला एक.

आणि ते तिचं नव्हतं.
तिची जांभळी शाई व्हॅनच्या गठ्ठ्यात होती.
या एका चिठ्ठीवर आधी कुणी "व्हॅन" लिहिलेलं,
ते खोडून, दुसऱ्याच हातानं,
कागद फाटेस्तोवर दाबून:
"फोन".

बाहेर येऊन मी फक्त नाव सांगितलं.
आकडे सांगायचे नाहीत, हा नियम
आम्ही पहिल्याच वर्षी केला होता.
मला तो उगाचचा वाटायचा.
झाकली मूठ आठ हजार तीनशेची.

मार्लिसचा चष्मा धुकटला.
डोलोरेस टाळ्या वाजवत होती
आणि वर बघत होती,
छतातल्या गरम हवेच्या जाळीकडे.

पार्किंगमध्ये लेम्पी काचेवरचं बर्फ खरवडत होती.
"मला एक तरी पडलं का गं?"
"आकडे सांगत नाही आम्ही."
"म्हणजे पडलं." खरवडत राहिली.
"कुणाचं असेल?"

पलीकडे जुन्या ब्यूइकमध्ये बहिणी भांडत होत्या.
काचा बंद, हातवारे तेवढे दिसत होते.
आता एल्माला सोडून
व्हिएनो पुढे जाईल, तिच्या घरी.
एल्माचं घर रस्ता संपतो तिथं.
बर्फाचा नांगर तिकडे पोचेस्तोवर दुपार होते.
फोन मात्र आठला.