पाऊण फेरी

एकतीस वर्षं आष्ट्यात पाणी सोडलं मी.
खांद्यावर लोखंडी चावी, पहाटे चारला कुंभारगल्ली,
मग पेठ, मग मळ्याकडची वस्ती.
शेवटचं घर शांताक्का आवटींचं, चढावर.
तिथं करंगळीएवढी धार लागली
की समजायचं, गाव भागलं.

चौगुले डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढल्या.
"दस्तगीरभाई, नळ्या आवळल्यात तुमच्या.
काळीज ढकलून ढकलून जाड झालंय.
ही गोळी नळ्या सैल करील."
हायड्रालाझिन. नाव अजून जिभेवर बसत नाही.
म्हटलं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणार.
आणि सगळे एकदम उघडले तर?

त्यांनी पेन खाली ठेवलं.

एका उरुसाला नगराध्यक्षांच्या हट्टापायी
सातही व्हॉल्व्ह एकदम सोडले होते मी.
टाकी तासात बसली.
पेठेत रस्ताभर पाणी,
शांताक्काच्या नळाला नुसती फुसफुस,
आणि खाली नदीवर मोटर तापून लाल.

गोळीचंही तेच.
तिसऱ्या दिवशी कानशिलं पेटली, डोक्यात घण,
छातीत दावं तोडलेलं शिंगरू.
प्रेशर उतरलं होतं,
पण काळजाला वाटलं, कुठंतरी पाइप फुटला,
म्हणून ते धावत सुटलं.
मूत्रपिंडं तर जुने कारकून,
दुष्काळ जाहीर झाला समजून पाणी दडवत बसली.
घोट्यावर बोट दाबलं की खळगा.
भरून यायला वीस आकडे लागायचे.

मग दुसरी गोळी, काळजाला दम धर म्हणणारी.
तिसरी, साठलेलं बाहेर काढणारी.
ती सकाळीच घ्यायची, नाहीतर रात्रभर फेऱ्या.
हसीना तिन्ही बशीत मांडते, म्हणते,
"एक व्हॉल्व्ह, अन् राखणीला दोन माणसं!"

आता उठताना खाटेच्या कडेला बसतो.
पाय खाली. दहा आकडे.
झटक्यात उघडायचं नसतं काही.
पाऊण फेरी, थांब, दांडीला कान लाव;
लोखंडातनं पाणी येताना
आधी वाळू सरकल्यासारखं वाजतं.
नव्या पोराला शिकवलं होतं हे.
त्याच्या कानात गाणी असतात.

परवा शांताक्का म्हणाली, दोन दिवस धार नाही बघ.
मी काय बोलणार?
हात खिशात घातले.
थंडी होती, कृष्णेवरनं वारा येत होता,
आणि बोटांची टोकं,
जी वर्षानुवर्षं गार असायची,
उबदार लागली.