जर-तर

बाबा म्हणायचे, जर-तरच्या गोष्टींना काही अर्थ नसतो.
ते इतवारीत सुताच्या दुकानी हिशेब लिहायचे,
झालं ते झालं, असं म्हणून वही मिटायचे.
आणि मी, त्यांची मुलगी,
धंतोलीतल्या या तळघरात सकाळपासून
जर लिहिते आहे, तर लिहिते आहे.

जर टोपण जांभळं, तर लेबलं दोन,
एक नळीला, एक काचपट्टीला.
जर टोपण करडं, तर वेळही छापा:
उपाशीपोटी, की जेवून दोन तासांनी.
जर लघवी, तर बरणीच्या पोटावर चिकटवा,
झाकणावर कधीच नाही.
झाकणं इकडची तिकडे होतात.

पुण्याहून ईशान फोनवर सांगतो,
रूल टाका मॅडम, बाकी सिस्टिम बघेल.
त्याच्याकडे पाऊस आलाय म्हणे.
इथे कूलरची टाकी दुपारी दोनदा भरली,
लेबलांच्या रोलचा गोंद पाघळतोय,
एक सोलावं तर तीन हातात येतात.

आधी आम्ही हातानेच लिहायचो.
कटरेंच्या अक्षरात एक आणि नऊ
सख्खे भाऊ दिसायचे.
त्यात त्या दिवशी सुनंदा मेश्राम दोन,
एक पाचपावलीची, एक उमरेडची,
दोघीही त्रेचाळीस वर्षांच्या, दोघींच्याही नळ्या जांभळ्या.
उमरेडची सुनंदा अकरा दिवस
दुसरीचा सिकलसेल घेऊन घरी बसली.
मुलीच्या सोयरिकीची बोलणी तिने स्वतःच थांबवली,
पाहुण्यांना खरं काय ते सांगून टाकलं.
बाराव्या दिवशी आम्ही रिपोर्ट बदलून दिला.
मुळमुले मॅडमनी हात जोडले.
सोयरीक काही परत आली नाही.

म्हणून हा नियम, ईशान, तू नीट ऐक:
जर नाव तेच, आडनाव तेच,
तर गाव छापायचं.
तो म्हणतो, गाव स्टँडर्डमध्ये नाही.
पन्नास बाय पंचवीस मिलिमीटर, जागा कुठे आहे?
मी अक्षर एका घराने बारीक केलं,
डॉक्टरांचं नाव दुसऱ्या ओळीत ढकललं,
लोगो काढला.
उमरेड बसलं.
कोरची बसलं.
चिमूर तर आरामात बसलं, वर बोटभर जागा उरली.

मग नावाची चौकट.
नाव रिकामं असलं की ती लाल होते, पुढे जाऊ देत नाही.
तिला बारसं ठाऊक नाही,
बाराव्या दिवसापर्यंत नुसतं रडणारं, पिवळं पडणारं,
टाचेतून तीन थेंब देणारं माणूस ठाऊक नाही.
जर नाव नाही, तर आईचं नाव लिहा आणि पुढे 'चं बाळ'.
जर जुळं, तर एक, दोन.
यावर ईशान काही बोलला नाही,
नुसतं कीबोर्ड वाजलं.

तपासायला दोन सुनंदा पुन्हा भरल्या.
प्रिंटर खरखरला,
दोन कोमट चिठ्ठ्या जिभेसारख्या बाहेर आल्या.
कटरे चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिले,
आधी एक, मग दुसरी, मग परत पहिली.
"गाव आलं का जी यावर?
मंग जमलं."

आणि तेवढ्यात लाइट गेली.
यूपीएस चार वेळा बोंबलला, गप्प झाला.
वर काउंटरवर माणसं बसलेली,
एका पोराची बाही आधीच वर.
वीज गेली तर काय, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

कटरेंनी ड्रॉवरमधून मार्कर काढला,
झाकण दातात धरलं,
मोबाइलच्या उजेडात नळी आडवी केली
आणि एकेक आकडा असा काढला
जसं पाटीवर पहिल्यांदाच गिरवतायत.
नऊचा काना
त्यांनी इतका लांब ओढला
की तो लेबलाबाहेर, काचेवर उतरला.