मधलं चाक

डोरीन टकवेलबाईंनी ते बाबागाडीतून आणलं,
पणतीची गाडी, वर टॉवेल झाकलेला.
"सोळा किलो," म्हणाल्या. "बाळ एवढं नसतं."

स्विंडनच्या मागल्या गल्लीत माझं गॅरेज:
गाडी बाहेर पावसात, आत लेथ.
टॉवेल काढला.
क्रीम रंगावर जुन्या सायीची पिवळट छटा,
थाळीच्या काठावर ठिपक्यांच्या रांगा,
आणि खटका अजून 'चालू'वर.

तो खटका मी आधी पाहायला हवा होता.

तीन आठवडे उघडत राहिले.
ग्रीस काकवीसारखं. नाही, काकवी वाहते;
हे चिक्कीच्या फसलेल्या पाकासारखं,
सुरीनं खरवडावं लागलं.
बेअरिंगच्या तळाशी वाटाण्याएवढी पोलादी गोळी,
तिच्या माथ्यावर झिजून टिकलीएवढा सपाट डाग.
मोटर स्प्रिंगांवर लोंबती,
त्यातली एक कुणीतरी बॉलपेनमधली घातलेली.

हे यंत्र पट्ट्यावर चालत नाही.
मोटरचा दांडा इकडे, थाळी तिकडे,
दोघांचं बोलणं नाही.
मध्ये रबरी काठाचं एक चाक:
याला टेकून फिरायचं, तिला टेकून फिरवायचं.
आमच्या घरात हे काम मधली आत्या करायची.
दोन्हीकडून झिजली.

खटका बंद केला की चाक सुटतं, मागे सरतं.
तो तसाच ठेवून भिंतीतला प्लगच उपटला, तर
चिकटून राहतं दांड्याला,
आणि वर्षं गेली की रबराला तिथे खळगी पडते.

चालवून पाहिलं. थाळीच्या एका फेरीत
सहा धपके.
वडील इचलकरंजीला मागांच्या शेडमध्ये जॉबर,
दोनशे माग धडधडत असताना दारातूनच सांगायचे,
"सत्तावीसचा धोटा अडतोय."
मला तेवढं नाही जमत.
पण सहा म्हणजे सहाच.

मग नवं बुश, नवं तेल, लेथवर घासलेलं नवं चाक,
बैठकीला बर्चचे सात थर, मध्ये वेल्सचा काळा दगड,
माझ्या बालवाडीच्या पाटीचा लांबचा भाऊबंद.

त्या आल्या. मी जुनं चाक दाखवलं, खळगीवर नख ठेवून.
"कुणीतरी खटका न फिरवता प्लग काढलाय.
माहीत नसलं की होतं असं."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या.
"न्यूकासल स्ट्रीटच्या कारखान्यात
अकरा वर्षं मी हीच चाकं बसवली.
फोरमननं पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवलं."

गाडीच्या टपावर पाऊस.

रेल्वे कारखान्याच्या बँडची रेकॉर्ड होती.
क्लिफनं लावली, खुर्चीत बसला,
बाजू उलटायला उठला नाही.
सुई आतल्या कोऱ्या खाचेत फिरत राहिली,
माणसं त्याला न्यायला आली तेव्हाही.
"खटका त्याच्या हातचा होता," म्हणाल्या.
"तो मी कसा फिरवायचा?"

एकतीस वर्षं.

मी तीच रेकॉर्ड लावली. धपके नाहीत.
त्यात क्लिफ युफोनियम वाजवतो म्हणे;
मला सगळं पितळ एकच ऐकू येतं.
त्यांना मात्र कुठे तो श्वास घेतो तेही कळत होतं,
बोट टेबलावर, त्याच्या अर्धा क्षण आधी.

बाजू संपली. मी हात पुढे केला नाही.

बाईंनी चष्मा सारखा केला, कान यंत्राजवळ नेला,
खटका बंद केला. चालू. बंद. चालू. बंद.
कारखान्यातल्यासारखं, चेहऱ्यावर काही नाही.

"दुसऱ्यांदा चाक उशिरा सुटतंय," म्हणाल्या.
"स्प्रिंग अर्धा आटा घट्ट कर."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
मी अर्धा आटा आवळला.